बारा पौंडांचा शिधा

शनिवारी रात्री साडेनऊ वाजले की आमच्या घरी जेवणाची ताटं पटापट उचलली जातात आणि टेबलावर दोन लॅपटॉप, एक वही आणि फाशांची डबी येते. आईला आता याची सवय झाली आहे. सुरुवातीला मात्र ती स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत उभी राहायची. "दोर कुणाकडे आहे?" "तंबूचं वजन धरलं का?" "दहा दिवसांचा शिधा पुरेल ना?" एकदा तिने माझ्या बायकोला विचारलंच, "तुम्ही खरंच कुठे निघालात की हे सगळं नुसतं बोलणं?"

नुसतं बोलणंच. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा हा खेळ बोलूनच खेळतात. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं: कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. एक जण डन्जन मास्टर, म्हणजे आपल्या भाषेत सूत्रधार. तो गोष्ट पुढे नेतो, बाकीचे आपलं पात्र काय करतं ते सांगतात आणि जमलं की फसलं ते फासे ठरवतात. आमच्याकडे सूत्रधार मी. बायको माझ्या शेजारी बसून बुटकी चोर खेळते. इंजिनीअरिंगचा एक मित्र बडोद्याहून योद्धा खेळतो. आणि हैदराबादहून माझा मावसभाऊ जादूगार. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा, म्हणून आम्ही सगळेच त्याला दादा म्हणतो. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत काचीगुड्याला मावशीकडे आम्ही दोघं गच्चीवर किल्ले-किल्ले खेळायचो. त्याच खेळाचं हे मोठेपणीचं रूप.

या खेळात एक नियम असा आहे की त्यावरून जगभरात टेबलाटेबलांवर वाद होतात. तो म्हणजे कुणी किती ओझं वाहायचं. त्या नियमापायी आमचा खेळ जवळजवळ मोडला होता. नुसता खेळच नव्हे, दादाशी बोलणंही महिनाभर बंद होतं. म्हणून हे लिहितोय.

आधी नियम सांगतो. हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. तेव्हाचा खेळ मुख्यतः भुयारात उतरून खजिना वर आणण्याचा होता. सोनं जेवढं बाहेर आणाल तेवढं पात्राचं अनुभवाचं खातं वाढायचं. त्यामुळे ओझं पौंडात नाही, तर सोन्याच्या नाण्यांतच मोजत: दहा नाणी म्हणजे एक पौंड. मला हे फार चतुर वाटतं. तुम्ही भुयारात जादा दोर नेलात, तर त्या दोराच्या वजनाची नाणी तुम्हाला मागे ठेवावी लागणार. म्हणजे प्रत्येक वस्तूची किंमत सरळ खजिन्यात दिसायची. लोक तेव्हाही भांडत, की एका गुंडाळीच्या कागदाचं वजन इतकं कसं? त्यावर गायगॅक्सचं स्पष्टीकरण असं होतं की हे आकडे निव्वळ वजनाचे नाहीत, वस्तू किती अडचणीची आहे तेही त्यात धरलं आहे. लांब बांबू हलका असतो, पण तो घेऊन जिना चढून बघा.

पुढे आवृत्त्या बदलल्या, नाणी हलकी झाली. आम्ही खेळतो त्या २०१४ च्या आवृत्तीत पन्नास नाण्यांचा एक पौंड होतो आणि नियमही सोपा आहे. पात्राच्या ताकदीचा जो आकडा असेल त्याला पंधराने गुणा, तेवढे पौंड ते पात्र वाहू शकतं. दादाच्या जादूगाराची ताकद ८, म्हणजे १२० पौंड. आपल्या हिशेबात चोपन्न किलो. काडीपैलवान जादूगार पाठीवर सिमेंटच्या गोणीहून जास्त वजन घेऊन हसतमुखाने डोंगर चढणार! पुस्तकातच म्हटलं आहे की ही मर्यादा इतकी मोठी आहे की सहसा कुणाला काळजी करावी लागत नाही.

ज्यांना काळजी करायची हौस आहे त्यांच्यासाठी त्याच पुस्तकात एक पर्यायी, कडक नियमही आहे. त्यात ताकदीच्या पाचपटीवर ओझं गेलं की चाल मंदावते, दहापटीवर गेलं की आणखी मंदावते आणि लढणंही अवघड होतं. हा नियम लावला तर जादूगाराला फक्त ४० पौंड मोकळेपणी नेता येतात. गंमत अशी की प्रवासाचं जे तयार सामान खेळात मिळतं, म्हणजे पाठपिशवी, अंथरूण, दहा मशाली, दहा दिवसांचा शिधा, पाण्याची पखाल, पन्नास फूट दोर वगैरे, त्याचीच बेरीज ५९ पौंड होते. जादूगार घराचा उंबरठा ओलांडतानाच धापा टाकू लागतो.

म्हणून बहुतेक टेबलं मधला मार्ग काढतात: ओझ्याचा विचारच करत नाहीत. किंवा सूत्रधार सुरुवातीलाच एक मायावी झोळी देऊन टाकतो. ती झोळी स्वतः पंधरा पौंडांची, पण तिच्यात पाचशे पौंड मावतात. मला ती कधीच पटली नाही. प्रोग्राम मेमरी खातोय म्हणून सर्व्हरची मेमरी वाढवून द्यायची, तसला तो प्रकार.

आम्हीही पहिले सात-आठ महिने ओझं मोजलं नव्हतं. मग एका रविवारी मला हुक्की आली. दिवसभर बसून मी एक सामायिक तक्ता तयार केला. प्रत्येक पात्राच्या पानावरून सामान उचलायचं, पुस्तकातली वजनं लावायची, बेरीज करायची. मर्यादा ओलांडली की रकाना लाल. सोपाच नियम घेतला, पंधरापटीचा. तक्ता चालू करताच एकच रकाना लाल झाला, दादाचा.

दादाचा जादूगार काहीही टाकत नसे. प्रवासाचं सामान ५९, तंबू २०, दोन रेशमी दोर १०, लोखंडी पातेलं १०, मंत्रांची पोथी ३, काठी ४, नाणी ५. त्यात पहिल्याच मोहिमेत मेलेल्या एका योद्ध्याची ढाल, ६. आणि एका पडक्या देवळात सापडलेली काशाची घंटा. तिचं वजन मीच त्या वेळी सहज पंधरा पौंड सांगितलं होतं. घंटेचा उपयोग शून्य. एकूण १३२. मर्यादेपेक्षा बारा पौंड जास्त.

ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. पुढच्या शनिवारी योग्य वेळी सांगू, मजा येईल, असं मनात होतं.

त्या शनिवारी मंडळी जमिनीखालच्या एका गुहेत सहाव्या दिवशी पोचली होती आणि गुहेत पाणी भरायला लागलं. चोर आणि योद्धा पळत सुटले. दादा म्हणाला, "मीपण पळतो." मी म्हटलं, "थांब. तुझ्या पाठीवर १३२ पौंड आहेत." पुस्तक म्हणतं की मर्यादेपेक्षा जास्त वजन ढकलत किंवा ओढत असाल तर एका फेरीत पाचच फूट सरकता येतं. पाठीवर असेल तर काय, हे त्यात उघड लिहिलेलं नाही. मी तोच अर्थ लावला. इतर जण तीस फूट जाणार, दादा पाच.

"घंटा टाक किंवा तंबू टाक. दोन्हींतलं एक टाकलंस तरी सुटशील," मी म्हटलं. मला वाटलं, आता धमाल येईल.

दादा काही वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "दिवसभर हेच करतोय रे. आता रात्रीपण तेच?"

आणि थोड्या वेळाने, "बुडू दे त्याला." लॅपटॉपवरची त्याची चौकट काळी झाली.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. मावशी जाऊन आठ महिने झाले होते. काचीगुड्याचं घर विकायचं ठरलं होतं आणि त्या आठवड्यात दादा ते रिकामं करत होता. हे मला माहीत नव्हतं असं नाही. बुधवारीच आईला त्याचा फोन आला होता. पण खेळ वेगळा, घर वेगळं, असं मी धरून चाललो होतो.

लॅपटॉप बंद करताना बायको एवढंच म्हणाली, "आज तू सूत्रधार नव्हतास, जकात नाक्यावरचा कारकून होतास."

मी वाद घातला. नियम पुस्तकातला होता, मी काही मनाने केला नव्हता. तिने विचारलं, "मग आठ महिने कुठे होता नियम?" याला उत्तर नव्हतं. आमच्या कामात याला फार वाईट समजतात. चालू प्रणालीत नियम बदलायचा असेल तर वापरणाऱ्यांना आधी कळवायचं, मुदत द्यायची, मगच बदलायचा. रात्रीत बदलून सकाळी लोकांचं काम बंद पाडणाऱ्याला ऑफिसात कुणी शाबासकी देत नाही. मी नेमकं तेच केलं होतं, आणि वर त्यातून मजा काढायला निघालो होतो.

तरी मी दादाला फोन केला नाही. 'सॉरी दादा' असा एक मेसेज टाकला. त्याने अंगठा पाठवला. पुढचे चार शनिवार खेळ झाला नाही.

एका रविवारी आईला घेऊन आत्याकडे गेलो. आत्या इथेच इंदूरला रामबागेत राहते. पोहे देता देता तिने विचारलं, "तुमचा तो शनिवारचा दंगा बंद आहे म्हणे?" मी आधी टाळलं, मग सगळं सांगितलं. ताकदीचा आकडा, पंधरापट, घंटा, पाणी. मला वाटलं तिला यातलं काही कळणार नाही. पण ओझं या विषयावर आत्याएवढा अधिकार आमच्या घराण्यात कुणाचा नाही, हे मी विसरलो होतो.

आत्याने निवृत्त झाल्यावर नर्मदेची पायी परिक्रमा केली. नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर. नदी उजव्या हाताला ठेवून एका काठाने समुद्रापर्यंत, दुसऱ्या काठाने उगमापर्यंत आणि परत निघाल्या जागी, म्हणजे अडीच हजार किलोमीटरच्या वरच झालं. ती आणि तिच्या तीन मैत्रिणी कार्तिकात ओंकारेश्वरहून निघाल्या.

"निघताना माझी पिशवी चौदा किलोची होती," आत्या म्हणाली. "दोन घोंगड्या, चार लुगडी, स्टीलचा डबा, औषधं आणि तुझ्या आईने कौतुकाने दिलेला दोन किलो फराळ."

"मग?"

"तिसऱ्या दिवशी फराळ वाटून टाकला. एक घोंगडी एका म्हातारीला दिली. आठवड्याने पिशवी सात किलोंवर आली. वजन काट्यावर कळत नाही रे. ते दुपारी अडीच वाजता उन्हात कळतं."

परिक्रमेत वाटेवरची गावं आणि आश्रम परिक्रमावासींना सदावर्त देतात, म्हणजे कोरडा शिधा. पाणी नदीचंच. त्यामुळे खेळातली दोन मोठी ओझी, शिधा आणि पाणी, त्यांना फारशी वाहावी लागलीच नाहीत. मी तिला म्हटलं, आमच्या खेळात रोजचा शिधा दोन पौंडांचा असतो, दहा दिवसांचा वीस पौंड.

आत्या चहा गाळत होती. तशीच थांबली. "सहा दिवस चालले होते म्हणालास ना?"

"हो."

"मग सहा दिवसांचं खाल्लं असेल ना त्यांनी?"

मी मनात हिशेब केला. सहा दिवस, रोजचे दोन पौंड. बारा. एकशे बत्तीस वजा बारा, बरोबर एकशे वीस. मर्यादेवर काटेकोर. तंबू न टाकता, घंटा न टाकता, दादाचा जादूगार इतरांसारखाच पळू शकत होता. जळालेल्या मशाली तर मी धरल्याच नव्हत्या. खाल्लेला शिधा कागदावरून कमी करायचा राहिला होता आणि मी पोटात गेलेलं अन्न त्याच्या पाठीवर लादलं होतं. इतका सुंदर तक्ता, आणि आतली माहिती शिळी!

"आणि एक सांग," आत्या म्हणाली, "निघायच्या आधी तुम्ही एकमेकांच्या पिशव्या उचलून बघितल्या नाहीत का? आमच्यातल्या एकीला अनुभव होता. तिने आम्हा चौघींना आदल्या रात्री बसवलं आणि प्रत्येकीला दुसरीची पिशवी उचलायला लावली. कुणी कुणाला काही टाक म्हटलं नाही. पण पुढे कोण कुठे थकणार ते सगळ्यांना कळलं होतं."

मी विचारलं, "सगळ्यात हलकी पिशवी झाली तेव्हा तिच्यात काय उरलं होतं?"

तिने यादी सांगितली: एक घोंगडी, दोन लुगडी, ताट-वाटी, औषधं, दोरी, विजेरी. "आणि कुपी." परिक्रमेला निघताना छोट्या बाटलीत नर्मदेचं पाणी भरून घेतात. ते रोज पुजायचं आणि शेवटपर्यंत सोबत न्यायचं. "तिचं वजन किती?" मी सवयीने विचारलं.

आत्या हसली. "ती कुणी वजनात धरत नाही."

घरी येऊन मी दादाला फोन केला. आधी बारा पौंडांचं सांगितलं आणि माफी मागितली. तो म्हणाला, "मला माहीत होतं शिध्याचं."

"तेव्हा बोलला का नाहीस?"

"त्या दिवशी दुपारी आईची तांब्या-पितळेची भांडी मोडीत देऊन आलो होतो. मोठमोठी पातेली, हंडे, परात. फ्लॅटमध्ये कुठे ठेवणार? त्या माणसाने सगळं काट्यावर घातलं आणि किलोचा भाव लावला. घंगाळ घालताना मी म्हटलं, एवढं राहू दे. रात्री तुझ्याकडे खेळायला बसलो, तर तूपण काटा घेऊन बसलेला."

मला काय बोलावं सुचलं नाही. त्या घंगाळात आम्ही दोघांनी लहानपणी कागदाच्या होड्या सोडल्या होत्या. तेवढंच म्हटलं. तो म्हणाला, "हो रे, म्हणून तर ठेवलं." मग बराच वेळ आम्ही मावशीबद्दल बोललो. खरं म्हणजे ती गेल्यानंतर दादाशी असं मी पहिल्यांदाच बोलत होतो. आठ महिने दर शनिवारी भेटत होतो, पण राक्षस आणि खजिना यापलीकडे कधी विषय गेला नव्हता.

पुढच्या शनिवारी खेळ सुरू करण्याआधी आम्ही चौघांनी बसून नियम ठरवले. तुमच्या घरी मुलं हा खेळ खेळत असतील किंवा सुट्टीत सुरू करणार असतील, तर त्यांना उपयोगी पडतील म्हणून देतो.

पहिला: ओझं मोजायचं की नाही हे पहिल्या दिवशी सगळ्यांनी मिळून ठरवायचं. मोजायचं नसेल तरी काही बिघडत नाही. खजिना लुटण्याच्या गोष्टीत ते मोजण्यात गंमत आहे, राजदरबारच्या कारस्थानात नाही. मध्येच बदलायचं असेल तर सगळ्यांना कळवून, पुढच्या मोहिमेपासून.

दुसरा: पौंड नको, जागा मोजू. 'पाथफाइंडर' या दुसऱ्या खेळाच्या २०१९ च्या आवृत्तीत वजनाऐवजी वस्तूचा अवजडपणाच मोजतात. त्यावरून आम्ही आमचं बनवलं. जितकी ताकद तितक्या पिशवीत जागा. साध्या वस्तूला एक, तंबूसारख्या अवजड वस्तूला दोन, बारीकसारीक सगळं मिळून एक. बोटांवर मोजता येतं, तक्ता लागत नाही. माझा तक्ता मी पुसून टाकला. थोडं वाईट वाटलं.

तिसरा: खाल्लेलं, प्यायलेलं आणि जळलेलं रोज वजा करायचं काम सूत्रधाराचं, खेळाडूचं नाही. चूक झाली तर तिचा फायदा खेळाडूला.

चौथा: मोहिमेवर निघण्याआधी पिशव्या उचलून बघायच्या. म्हणजे प्रत्येकाने आपलं सामान मोठ्याने वाचायचं. मग योद्धा आपसूक म्हणतो, "तंबू माझ्याकडे दे." चौदा किलोची पिशवी एकट्याची राहत नाही.

पाचवा नियम बायकोने सुचवला, आत्याची गोष्ट ऐकून. प्रत्येक पात्राची एक वस्तू बिनवजनाची. कुठली ते ज्याचं त्याने ठरवायचं आणि का ते कुणी विचारायचं नाही.

मग आम्ही गुहेतला तो प्रसंग पुन्हा खेळलो. पाणी भरलं, तिघंही धावले, योद्धा घसरला, चोराने दोर टाकला आणि सगळे जेमतेम बाहेर पडले. बिनवजनाची वस्तू म्हणून दादा मेलेल्या योद्ध्याची ढाल निवडेल असं मला वाटलं होतं. ती त्याने बडोद्याच्या मित्राला देऊन टाकली, आणि स्वतः घंटा ठेवली. मला विचारायचं होतं, पण बायकोने टेबलाखालून पाय मारला.

हे सगळं आत्याला फोनवर सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तुमच्या त्या अमेरिकेच्या खेळात आता माझी कुपी गेली की!"

हो आत्या, गेली.